दीपालीनं न सांगितलेली गोष्ट

नर्सिंग स्कूलमध्ये शिकवत होते असं म्हटलं, की समोरचा माणूस बहुतेक वेळा विचारतो, "म्हणजे मुलींना इंजेक्शन द्यायला शिकवत होत्या का?" मी हो म्हणून मोकळी होते. खरं तर इंजेक्शन हा आमच्या शिक्षणातला सोपा भाग. आधी संत्र्यावर हात बसवायचा, मग माणसावर. हात थरथरायचा थांबला की जमलं. वर्षं लागतात ती दुसऱ्याच गोष्टींना. जखमेची पट्टी सोडताना नाक मुरडायचं नाही. झोपलेल्या रोग्याला हात लावायच्या आधी त्याला जागं करून सांगायचं. नातेवाईक अंगावर धावून आला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही. आणि वॉर्डात जे कानावर पडलं ते बाहेर न्यायचं नाही.

ही शेवटची गोष्ट मी वर्गात एका तासात शिकवून मोकळी होत असे. मुली ती वहीत उतरवून घेत, परीक्षेत बरोबर लिहीत. तिचं वजन किती असतं, ते मात्र मला पहिल्या वर्षाच्या एका मुलीमुळे कळलं. तिचीच हकिगत इथे लिहिते आहे. नावं बदलली आहेत, नेमकी गावं सांगितलेली नाहीत, आणि ज्यांची ही हकिगत आहे त्यांना विचारून, त्यांचा होकार घेऊन मगच लिहायला बसले. नाहीतर आयुष्यभर जे शिकवलं तेच सेवानिवृत्तीनंतर मोडल्यासारखं झालं असतं.

आमचं स्कूल गडचिरोलीला, दवाखान्याला लागून. मुली येत त्या धानोऱ्याकडून, एटापल्लीकडून, सिरोंच्याकडून, आणि वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी-चिमूरकडूनही. कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी तेलुगू, बाकीच्यांची आपली झाडी बोली. सुरुवातीच्या दिवसांत हॉस्टेलच्या गॅलरीत रोज कोणीतरी रडत असे. पण रडणारी मुलगी माझ्याकडे येत नसे. मी तिच्या आईच्या वयाची, त्यात मार्क माझ्या हातात. म्हणून मी जोड्या लावायला लागले. तिसऱ्या वर्षाच्या एकेका मुलीकडे पहिल्या वर्षाची एकेक मुलगी सोपवायची. ड्युटी एकत्र, जेवण एकत्र, आणि धाकटीचं काही चुकलं तर विचारणा आधी थोरलीला. यात धाकट्या किती शिकल्या ते सांगता येणार नाही, पण थोरल्या नक्की सुधारल्या. कोणीतरी आपल्याकडे पाहून शिकतंय म्हटलं, की हात धुवायचा कंटाळा करता येत नाही.

सगळ्याच जोड्या जमल्या असं नाही. एका थोरलीनं धाकटीकडून आपल्या युनिफॉर्मला इस्त्री करून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या एकीचा धाक असा, की तिची धाकटी वॉर्डात शिरल्यावर आधी थोरलीचा चेहरा पाहायची आणि रोग्याचा नंतर. अशा जोड्या मी मोडल्या. नाझिया आणि दीपालीची जोडी मात्र मला मोडावी लागली नाही, जरी पहिल्या महिन्यात ती टिकेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

नाझिया तिसऱ्या वर्षाची, चिमूरची. वडिलांचं शिलाईचं दुकान. बोलणं मोजकं, मराठीत मधूनच हिंदी. एटापल्लीकडचा एक म्हातारा आमच्याकडे दाखल होता, त्याला गोंडीशिवाय काही येत नव्हतं आणि तो कोणाच्या हातून औषध घेईना. नाझियानं वॉर्डातल्या मावशींकडून दोन-चार शब्द शिकून घेतले. 'येर' म्हणजे पाणी, एवढं म्हणून ती ग्लास पुढे करायची आणि गोळी स्वतःच्या तळहातावर ठेवून त्याला नीट पाहू द्यायची. म्हातारा तिच्या हातून गोळी घ्यायचा आणि आम्हा बाकीच्यांकडे पाठ फिरवायचा. घरी जाताना त्यानं तिला मोहफुलांची पुरचुंडी दिली. ती घ्यावी की नाही, हे विचारायला नाझिया माझ्याकडे आली. मी म्हटलं, घे, आणि मावशींना अर्धी दे.

दीपाली तिच्या अगदी उलट. ब्रह्मपुरीकडच्या, नदीकाठच्या गावची. वडील नदीत डोंगा घालून आणि गावच्या तलावात जाळं टाकून मासे धरत, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जात. आई ब्रह्मपुरीच्या बाजारात मासे विकायची. तिच्याजवळ बाजारात बसून मोठी झालेली ही पोर, त्यामुळे कोणाशी बोलायला तिला ओळख लागत नसे. रोगी तिच्यावर खूश असत. अडचण एवढीच होती, की तिचं तोंड थांबत नसे.

बायकांच्या वॉर्डात एकीला क्षय निघाला होता. शेजारच्या रोग्याच्या सासूनं दीपालीला सहज विचारलं आणि दीपालीनं सहज सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या बायकांनी नाकाला पदर लावले आणि ती बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नाझियाला हे कळलं तेव्हा ती वॉर्डात एक अक्षर बोलली नाही. दीपालीला चादरी ठेवायच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं. मी बाहेर कपाटाशी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"त्या बाईनं तुले सांगितलं होतं का?"

"नाई, दीदी."

"मंग तुले कसं मालूम झालं?"

नाझियानं उत्तराची वाट पाहिली नाही.

"तुले तिच्या खाटेजवळ उभं राह्याले भेटलं, म्हणून मालूम झालं. ते तुझं नाई. ते तिचं हाय."

एवढंच बोलणं. मग दोघी त्या बाईजवळ जाऊन बसल्या. दीपालीनं तिची माफी मागितली, तिचे केस विंचरून दिले, आणि त्या बाईनं चालेल म्हटल्यावर नाझियानं शेजारणींना समजावलं, की औषध सुरू आहे, तोंडावर कपडा बांधला आहे, घाबरायचं कारण नाही. मी वर्गात जे सांगत होते तेच हे, पण माझ्या तोंडून ते असं कधी निघालं नव्हतं. दीपालीचं बोलणं त्यानंतर कमी झालं नाही, पण बोलायच्या आधी ती थांबायला लागली.

दसऱ्याच्या सुमाराला पुरुषांच्या वॉर्डात एक तरुण दाखल झाला. त्याला सचिन म्हणू. आरमोरीकडचा, मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान. घरच्या धानाच्या कापणीला मजूर मिळेना, म्हणून दुकान बंद ठेवून उन्हात राबला, पाणी पिण्याकडे लक्ष दिलं नाही, आणि हातपाय, पाठ असं सगळं इतकं दुखायला लागलं, की त्याला चादरीत घालून उचलून आणावं लागलं. आमच्या भागातल्या कोणत्याही नर्सला अशा वेळी पहिली शंका सिकलसेलची येते. सचिनला तो लहानपणापासून होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य दुखतं. तो संसर्गानं होत नाही, जन्मतःच येतो. दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आला तर मूल आजारी होतं. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, पण तो दोष पुढे देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात. त्यामुळे लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावं, असं आम्ही गावोगाव सांगत फिरतो. लोक मान डोलावतात, आणि लग्न जमवताना बाकी सगळं विचारतात.

सचिनला सलाईन लावली, दुखणं कमी व्हायची औषधं सुरू झाली. नाझिया आणि दीपालीची ड्युटी त्याच वॉर्डात होती. तासातासाला पाणी पाजायचं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं, दुखणं कमी झालं की वाढलं ते विचारून सिस्टरना सांगायचं, ही कामं दीपालीकडे होती. तिनं ती मनापासून केली. तो थोडा सावरल्यावर त्यानं तिला विचारलं, हे कोणाला सांगाल तर नाही ना. तिनं नाझियाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुमचं हाय ते. मी काऊन सांगू?" नाझियानं मला हे कौतुकानं सांगितलं, आणि मीही खूश झाले. काही दिवसांनी सचिन बरा होऊन घरी गेला.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. नाटक असतं, पाहुण्यारावळ्यांनी घरं भरतात आणि निम्मी लग्नं तिथेच जमतात. दीपाली मंडईसाठी गावी गेली आणि सुट्टी संपायच्या आधीच परत आली. दुपारची वेळ होती. मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते, तर नाझिया तिला हाताला धरून घेऊन आली. दीपालीचे डोळे सुजलेले होते.

"मॅडम, हे माझ्याच्यानं होण्यासारखं नाई," नाझिया म्हणाली. "तुमी सांभाळा."

हळूहळू कळलं ते असं. दीपालीच्या थोरल्या बहिणीचं, वंदनाचं लग्न ठरलं होतं. वंदना गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. दीपाली हॉस्टेलवर असताना नदीपलीकडचे पाहुणे येऊन पाहून गेले, दोन्हीकडची पसंती झाली, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तयारी सुरू झाली. घरी पोचल्यावर वंदनानं लाजत लाजत मोबाईलवर मुलाचा फोटो दाखवला. तो सचिन होता.

त्याच्या घरच्यांनी आजाराबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. दीपालीनं फोटो पाहिला, चांगला आहे म्हणाली, आणि पोट दुखण्याचं निमित्त करून दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली.

आता ती माझ्यासमोर उभी होती. मी बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, मी नर्सिंग सोडलं तं मले सांगता येईल का?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी विचारलेला हा सगळ्यात कठीण प्रश्न. ती रागानं विचारत नव्हती. ती खरंच हिशेब मांडत होती, की युनिफॉर्म उतरवला तर बहीण वाचते का. तिच्या घरात दहावीच्या पुढे शिकून बाहेर पडलेली ती पहिली मुलगी होती.

मी सांगितलं, की युनिफॉर्म उतरवला तरी कानानं ऐकलेलं उतरत नाही. पण वंदनाच्या आयुष्याचा प्रश्न आहे हेही खरं, आणि आपण हातावर हात ठेवून बसणार नाही. सांगायचं असेल तर ते सचिननं सांगायचं. त्यानं सांगावं यासाठी प्रयत्न करणं हे आपलं काम आहे, आणि ते दवाखान्यातून होऊ शकतं. दुसरं म्हणजे, वंदनाचं रक्त वंदनाचं आहे. तिनं ते तपासून घ्यावं, हे तिला सांगायला कोणाचीच आडकाठी नाही.

यावर नाझियानं एक मुद्दा काढला, जो माझ्या लक्षात आला नव्हता. लग्न ठरल्यावर एकट्या वंदनालाच तपासणी कर म्हटलं, तर घरचे विचारतील, आत्ताच का? आणि दीपालीचा चेहरा काही लपून राहणार नाही.

वंदनाच्या गावच्या उपकेंद्रातली सिस्टर माझीच जुनी विद्यार्थिनी होती. लग्नाळू मुलामुलींची सिकलसेल तपासणी हे तिच्या रोजच्या कामातलंच काम. मी फोन करून विचारलं, त्या गावची तपासणी झाली का गं? ती म्हणाली, बाकी आहे, मॅडम, या आठवड्यात घेते. मी कारण सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. माझ्या शिकवण्याचा तेव्हा मला जरा अभिमान वाटला.

वॉर्डाच्या डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते सचिनवर उपचार करणारेच, त्यामुळे त्यांना सांगण्यात गैर काही नव्हतं. त्यांनी सचिनचा केसपेपर काढून पाहिला. मग म्हणाले, तो गोळ्या घ्यायला ओपीडीत येईल तेव्हा मी बोलतो. मी विचारलं, आणि तो बोललाच नाही तर? ते म्हणाले, तेव्हा आपल्याला पुन्हा बसून विचार करावा लागेल, वरच्यांनाही विचारावं लागेल. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली नाही, याचं मला आजही हायसं वाटतं.

आधी गावची तपासणी झाली. अंगणवाडीतच सगळ्या मुली जमल्या, बोटाला सुई टोचून घेतली. वंदनानं संध्याकाळी बहिणीला सहज फोन केला, की आज आमच्याकडे रक्त घेतलं, माझं काही निघालं नाही. दीपालीनं लगेच येऊन मला सांगितलं. वंदना वाहकसुद्धा नव्हती, म्हणजे तिची मुलं आजारी होणार नव्हती.

मला वाटलं, अर्धं ओझं उतरलं. पण दुसऱ्या दिवशी दीपाली माझ्याकडे आली आणि म्हणाली, "पोराइचं बरं झालं, मॅडम. पण ताईले माहीत तं पाह्यजे ना. लग्नानंतर तो एक दिवस असा ओरडत राहीन अन् तिले समजणारच नाई, का होऊन राह्यलं ते." पहिल्या वर्षाची मुलगी होती ती.

सचिनची ओपीडीची तारीख आली आणि तो आला नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊ शकत नव्हतो. दवाखान्याची माणसं दारात दिसली, की गाव अंदाज बांधतं. गोळ्या चुकल्या की फोन करायचा ही आमची नेहमीची पद्धत, म्हणून डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून नाझियानं फोन लावला. तो म्हणाला, बरं आहे, वेळ नाही. नाझियानं त्याला लग्नाचं काही विचारलं नाही. गोळ्या बंद पडल्या तर पुन्हा उचलून आणावं लागेल, एवढंच सांगितलं, आणि डॉक्टर वाट पाहत आहेत म्हणाली. दोन-तीन दिवसांनी तो आला.

ओपीडी रिकामी झाल्यावर आम्ही त्याला आत बसवलं. डॉक्टर, मी आणि नाझिया. दीपालीला मी मुद्दाम दुसऱ्या वॉर्डात पाठवलं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांचं बोलून झाल्यावर विचारलं, लग्नाचा विचार आहे का? हा प्रश्न ते या आजाराच्या प्रत्येक तरुणाला विचारत. सचिन म्हणाला, जमलं आहे. मुलीकडच्यांना सांगितलं का? नाही.

मग तो बोलायला लागला, आणि मला जे ठाऊक नव्हतं ते कळलं. याआधी त्याचं एक लग्न ठरून मोडलं होतं. कोणीतरी, बहुतेक दवाखान्यातल्याच माणसानं, मुलीच्या मामाला सांगितलं. मुलीकडच्यांनी नुसता नकार दिला असता तर चाललं असतं. पण ती गोष्ट चहाच्या टपरीवर गेली, दुकानात येणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागली, आईनं लग्नकार्याला जाणं सोडलं. म्हणून वडिलांनी नदीपलीकडे मुलगी पाहिली आणि आधी काही सांगायचं नाही असं ठरवलं.

"सांगितलं तं कोण पोरगी देईन, साहेब?" त्यानं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या इथून तं कोणी गेलं नाई ना सांगाले?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडून कोणीही काहीही सांगितलेलं नाही."

हे मला मान वर करून सांगता आलं, ते एका मुलीमुळे, आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी त्याला समजावलं. मुलगी वाहक नसेल तर मुलं आजारी होत नाहीत. गोळ्या नियमित घेतल्या, पाणी प्यालं, अंगाला झेपेल तेवढंच केलं, तर संसार नीट होऊ शकतो. पण जिच्याशी लग्न करायचं, तिच्यापासून दुखणं किती दिवस लपणार? तो ऐकत राहिला. पाहतो म्हणाला आणि उठला. काही कबूल केलं नाही.

ते दिवस फार वाईट गेले. दीपाली ड्युटी चोख करायची, पण ताट तसंच ठेवून उठायची. नाझियाची शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती, तरी ती पुस्तक घेऊन हिच्या खोलीत जाऊन बसायची. काही समजूत घालायची नाही, नुसती वाचत बसायची. साक्षगंधाच्या तयारीला आईनं बोलावलं म्हणून रविवारी दीपाली गावी गेली. मी तिला म्हटलं, जे होईल ते होईल, तू तुझं केलंस. हे म्हणताना मलाच त्याचा धीर वाटत नव्हता.

सोमवारी सकाळी ती परत आली आणि जे झालं ते तिनं आम्हा दोघींना सांगितलं.

रविवारी दुपारी सचिन आणि त्याचे वडील न सांगता तिच्या घरी आले. वडिलांची यायची इच्छा नव्हती हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. घरच्यांना वाटलं, तयारीचं काही बोलायला आले असतील. आईनं दीपालीला पाणी न्यायला सांगितलं. ती ग्लास घेऊन बाहेर आली, आणि सचिन तिच्याकडे पाहतच राहिला.

"सिस्टर, तुमी?"

ती वंदनाची धाकटी बहीण आहे हे कळल्यावर त्याचं अवसान गेलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमाले सगळं माहीतच हाय."

दीपालीच्या वडिलांनी विचारलं, "काय माहीत हाय?" आईनंही तेच विचारलं. वंदना दारात उभी होती, तिलाही काही कळेना. सचिननं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दीपाली जमिनीकडे पाहत होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की या घरात कोणालाच काही ठाऊक नाही. त्याचे वडील उठायला लागले होते. त्यानं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. आजार, आधीचं मोडलेलं लग्न, दसऱ्याला दवाखान्यात काढलेले दिवस, सगळं.

दीपालीचे वडील उठून नदीकडे निघून गेले. आई रडायला लागली. वंदनानं एकच प्रश्न विचारला.

"दुखते तवा किती दुखते?"

तो म्हणाला, "सांगता येत नाई. कोणी जवळ बसलं तं थोडं कमी वाटते."

विचार करून कळवते, असं वंदनानं सांगितलं, आणि पाहुणे गेले. मग ती बहिणीकडे वळली. तुला माहीत होतं? हो. दवाखान्यात? हो. "अन् तू मले सांगितलं नाई," एवढं म्हणून ती आत गेली. रात्री जेवायला बसली नाही, सकाळी एसटीपर्यंत सोडायला आली नाही. लहानपणापासून एका चटईवर झोपलेल्या बहिणी त्या.

हे सांगताना दीपाली हमसून रडली. नाझियानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "दुपारची ड्युटी हाय आपली. तोंड धू, केस नीट बांध." दीपाली उठली. त्या दिवशी मी दोन-तीनदा वॉर्डात डोकावून आले. ती एका आजोबांना पेज भरवत होती आणि त्यांच्या नातवंडांची नावं विचारत होती.

पुढचं आता थोडक्यात सांगून टाकते. वंदना आणि तिचे वडील डॉक्टरांना भेटायला आले. सचिननं डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, की माझ्याबद्दल जे विचारतील ते सगळं सांगा. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. त्रास पुन्हा होऊ शकतो, कधी मोठाही होऊ शकतो, खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. दीपालीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी रोज नदीत जातो, साहेब. माझी खात्री तरी कोणी दिली हिच्या मायले?" आणि पोरीकडे पाहून म्हणाले, तू ठरव. वंदनानं तिथेच, डॉक्टरांसमोर हो म्हटलं. साक्षगंध थोडं पुढे गेलं, पण झालं. आता त्यांना एक मुलगी आहे, वाहक आहे, पण ठणठणीत. सचिनला मध्यंतरी एकदा दाखल व्हावं लागलं. या वेळी त्याला चादरीत घालून आणावं लागलं नाही, वंदनानं दुखायला लागल्याबरोबर आणलं. नाझिया कोरपन्याकडच्या एका आरोग्य केंद्रात आहे. दीपाली नोकरीला लागली आहे. कुठे, ते तिनं लिहू नका म्हटलं आहे.

मला थोडी हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. सचिनचं आधीचं लग्न ज्याच्या बोलण्यानं मोडलं, तोही कुठल्या तरी शाळेत आमच्यासारख्याच कोणाकडून शिकून बाहेर पडला असेल. त्याला कोणी चादरी ठेवायच्या खोलीत नेऊन विचारलं नसेल.

पण वंदना डॉक्टरांना भेटायला आली त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांकडचं बोलणं झाल्यावर वडील एसटीचं पाहायला गेले आणि वंदना मला म्हणाली, हॉस्टेलवर जाता येईल का? बाहेरच्या माणसाला वर न्यायचं तर माझी परवानगी लागे, म्हणून मीच तिला घेऊन गेले. दीपाली खाटेवर बसून नाझियाचं पुस्तक बघत होती, नाझिया खिडकीशी वाचत बसली होती. बहिणीला पाहून उभी राहिली, पण पुढे आली नाही. वंदनानं पिशवीतून एक डबा काढला. सुक्या झिंग्यांची चटणी होती, दीपालीच्या आवडीची. डबा तिनं खाटेवर ठेवला आणि शेजारी बसली. मी जायला निघाले, तर वंदनानंच मला हातानं थांबवलं. मग बहिणीला म्हणाली, "मले राग आला होता. अजून थोडा हाय."

दीपाली डब्याकडे पाहत उभी होती.

"पण तू सांगितलं असतं तं तो आलाच नसता. अन् तो येऊन बोलला म्हणून मी हो म्हटलं." मग तिनं दीपालीची वेणी धरून तिला खाली बसवलं आणि विचारलं, "तुझ्याकडं आणखी कोणाकोणाचं काय काय हाय गं, असं लपवून ठेवलेलं?"

दीपालीनं डबा उघडला. "भाकर आणू का, ताई?"

वंदना हसायला लागली, नाझियाही हसली, आणि दीपाली इतक्या जोरात रडायला लागली, की शेजारच्या खोल्यांतल्या मुली धावत आल्या. दारात गर्दी झाली. काय झालं, कोण आलं, काऊन रडून राह्यली, असं सगळ्या विचारायला लागल्या.

दीपालीनं ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "काई नाई. चटणी तिखट हाय."